सायकलवरचा मुलूख

आमच्या निलंग्यात मास्तराने मोटारसायकल चालवली नाही, तर लोकांना त्याची काळजी वाटू लागते. पगार अडकला का, बहिणीचं लग्न आहे का, बँकेचे हप्ते चालू आहेत का, असे प्रश्न आडून आडून येतात. माझ्याकडे मोटारसायकल आहे. शाळेला मी तिच्यावरूनच जातो. पण रविवारी फजरची नमाज झाली की मी अब्बांची जुनी काळी सायकल बाहेर काढतो, साखळीला तेल देतो, चाकांत हवा भरतो आणि गावाबाहेर पडतो. काम काही नसतं. हे 'काम काही नसणं'च लोकांच्या पचनी पडत नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवतो. पठाराला आम्ही 'सतह-ए-मुर्तफा' म्हणतो. मुलं हा शब्द पाठ करतात आणि उदाहरण विचारलं की तिबेट सांगतात. आपला लातूर जिल्हाही बालाघाटच्या पठारावर आहे, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर बसून हा धडा वाचतो आहोत, हे त्यांना खरं वाटत नाही. आजूबाजूला डोंगरच दिसत नाही ना! मोटारसायकलवरून तर रस्ता सपाटच वाटतो. सायकलवर मात्र मांड्यांना भूगोल कळतो. लांबलचक चढ, मग तितकाच लांब उतार, उताराच्या तळाशी ओढा आणि ओढा ओलांडला की पुन्हा चढ. या साऱ्या ओढ्यांचं पाणी शेवटी तेरणेला नाहीतर मांजरेला जातं आणि औराद शहाजानीच्या बाजूला तेरणाही मांजरेला मिळते. काळ्या रानात मध्येच तांबडा जांभा खडक डोकं वर काढतो. औसा तालुक्यातल्या खरोशाची लेणी याच जांभ्यात कोरलेली आहेत.

चढावर मी सायकलवरून उतरतो आणि ती हातात धरून चालतो. गियर नाही, घाईही नाही. तासाला दहा-बारा किलोमीटर झाले तरी पुष्कळ. सोबत पाण्याची बाटली, भाकरी, हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. सोयाबीन निघालेलं असतं, तूर पिवळ्या फुलांवर येते, ज्वारी कमरेच्या वर जाते. डांबरी रस्ता सोडून पांदणीला लागलं की चाकाचा आवाज बदलतो आणि माणसांचे आवाज ऐकू येऊ लागतात.

मोटारसायकलवाल्याला कोणी हटकत नाही, तो येतो आणि धूळ उडवून जातो. सायकलवाल्याला मात्र बांधावरचा माणूस विचारतोच, "का सर, कुठं जालालाव?"

"कुठं नाही, असंच."

"असंच?" मग कोणत्या गावचे, काय करता, आणि शेवटी, "नाव काय म्हणालाव?"

हा प्रश्न साधा आहे. पण वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी एकट्याने आडगावी प्रवास केला आहे त्यांना माहीत आहे की आपल्याला तो साधा नसतो. नाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटेल, याचा अंदाज आपण आधीच बांधू लागतो. काहीजण नुसतं 'सर' म्हणून वेळ मारून नेतात, काहीजण आडनाव तेवढं सांगतात. पटेल, देशमुख, इनामदार ही आडनावं दोन्हीकडे चालतात. मी ठरवून पूर्ण नाव सांगतो. अब्बांच्या नावासकट.

याला घरातली एक गोष्ट कारणीभूत आहे. निलंगा तालुका १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता. तो त्या वर्षी उस्मानाबादला जोडला गेला आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर लातुरात आला. म्हणजे आमच्या दादाजानसाठी बिदर हे जिल्ह्याचं ठिकाण होतं. कोर्टकचेरी असो की उरूस, रस्ता बिदरचाच. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली, तेव्हा ते याच रस्त्याच्या आसपास, रात्री, उभ्या ज्वारीतून लपत घरी आले. त्याआधी रझाकारांनी गावोगाव जे केलं त्याची किंमत ज्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता अशांनीही मोजली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वाधिक झळ पोचलेले जिल्हे म्हणून नोंदवले आणि एकूण मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. शेजाऱ्यांना वाचवण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्या हिंदूंचीही त्यात नोंद आहे. दादाजानलाही एका शेतकऱ्याने दोन दिवस कडब्याच्या गंजीआड ठेवून घेतलं होतं. त्याचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही आणि त्यानेही यांचं विचारलं नाही. त्या दोन दिवसांत नाव न विचारणं हीच माणुसकी होती.

तेव्हापासून आमच्या घरात रस्ता म्हणजे लवकर पार करायची गोष्ट. अम्मी अजूनही मी निघालो की म्हणते, "मगरिब के पैले घर को आ." मी सकाळी सहाला निघतो आणि दुपारच्या आत परततो, तरी ती हेच म्हणते. ते वाक्य तिला तिच्या सासऱ्यांकडून मिळालेलं आहे.

सगळं गोड आहे असं मी लिहिणार नाही. एका गावात चार पोरांनी सायकल अडवून आधार कार्ड मागितलं, मोबाइलमधले फोटो पाहिले. मी दाखवले. शाळेच्या सहलीचे आणि तुरीच्या फुलांचे फोटो होते. त्या दिवशी तिथूनच मागे फिरलो. महिन्याभराने मी त्याच रस्त्याने गेलो. या वेळी पारावरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी बसवून घेतलं, चहा पाजला आणि त्या चौघांतल्या एकाला हाक मारून म्हणाले, "सरला विचार की, दहावीनंतर काय करावं." तो विचारायला आला. मान खाली होती, पण आला.

आणि येळवस! आपल्या लातूर-उस्मानाबादकडे वेळा अमावास्येला घरं ओस पडतात, सारं गाव शेतात असतं. त्या दिवशी सायकल घेऊन निघालं तर पुढे जाणंच होत नाही. प्रत्येक बांधावरून हाक येते, "या सर, जेवून जावा." भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मातीच्या मडक्यातली गार आंबील. या जेवणात आपल्याला विचारावं लागेल असं काहीच नसतं आणि त्यांनाही आपल्याला काही विचारावं लागत नाही. एका वर्षी चौथ्या शेतात मी हात जोडले. तरीही त्या घरच्या मावशींनी डबा भरून कॅरिअरला बांधला, "तुमच्या अम्मीला द्या" म्हणाल्या. नाव त्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी मीच सांगितलं होतं.

१९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या प्रवासाला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे १९२८ मध्ये जग फिरून परत आले. मुलांना मी त्यांची गोष्ट सांगतो. माझी मजल त्यामानाने बिदरपर्यंतच. औराद शहाजानी, भालकी करत मागच्या हिवाळ्यात गेलो. पाट्या मराठीच्या कानडी झाल्या, चहाच्या टपरीवर आमची दखनी निघाली. दुसऱ्या दिवशी महमूद गावानच्या मदरशासमोर सायकल स्टँडवर लावली. हा मदरसा १४७२ चा. गावान दूर इराणातल्या गिलानहून आलेला व्यापारी. तो बहमनींचा वजीर झाला आणि आपल्या मुलखाला एवढी मोठी शिक्षणाची इमारत देऊन गेला. मास्तर माणूस, तिथे बराच वेळ बसून राहिलो.

परतीच्या वाटेवर ज्वारी उभी होती. मी कणसं हाताला लागतील इतक्या कडेने, हळूहळू सायकल चालवत आलो. वाटेत सात जणांनी नाव विचारलं. सातही जणांना सांगितलं.

आता माझ्या वर्गातली काही मुलं रविवारी येऊ का म्हणून विचारतात. मी त्यांना आधी घरी विचारायला सांगितलं आहे. आयांची परवानगी मिळायला वेळ लागेल, हे मला माहीत आहे. तोवर सायकलींचे ब्रेक नीट करून घ्या, एवढंच सांगितलं आहे. आपल्या सतह-ए-मुर्तफावर उतार फार आहेत.