आजोबांचा त्रिशूल

"माह्याच्यानं आता चढणं होत नाही. तूच ने," असं म्हणून आजीने दारामागचा त्रिशूल माझ्या हातात दिला. आजोबांनी मोठ्या महादेवाला तो कबूल केला होता. पण नेण्याआधीच ते गेले.

आमच्या वरवट बकालहून सातपुडा रोज दिसतो. मी पडलो कॉन्व्हेंटवाला! माझ्यासाठी सातपुडा म्हणजे भूगोलाच्या पेपरातले दोन मार्क. शेगावहून रेल्वेने भुसावळ, तिथे गाडी बदलून पिपरिया अन् पुढे जीपने पचमढी. महाशिवरात्रीला विदर्भातले हजारो लोक असेच तिथे येतात.

चौरागडाच्या हजारावर पायऱ्या. सुरुवातीला मी त्रिशुलाचा सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी शोधत होतो, अर्ध्यावर फक्त श्वास! सगळे महादेवाची गाणी म्हणत होते, मला एकही येत नव्हतं. मी नुसतं "हर हर महादेव" तेवढं ओरडत होतो. मागचे एक काका म्हणाले, "आण इकडं, थोडं मी नेतो." द्यावासा वाटेना. पण खांदा ऐकेना. दिला.

वर पाहतो तर त्रिशूलच त्रिशूल! आमचा त्यात ठेवला, नमस्कार केला अन् मान वर करेपर्यंत तो कुठला ते ओळखू येईना. एवढ्या सगळ्यांच्या घरी कुणीतरी असंच कबूल केलं असेल...

खाली पचमढीत येऊन आजीला फोन लावला. "ठेवला. आजोबांच्या नावानं."

बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "जेवला का रे बाबू?"