मार्क देणारा हात



इंग्लंडात एम.ए.ला होतो. तिथं एक आकडा खिळ्यासारखा डोक्यात ठोकला गेला. २०१९ साली तिथल्या विद्यापीठांच्या आणि विद्यार्थ्यांच्या देशपातळीवरच्या संघटनांनी मिळून अहवाल काढला. २०१७-१८ चा हिशेब. फर्स्ट किंवा अप्पर सेकंड क्लास मिळवण्यात गोरे आणि बिगरगोरे यांच्यात १३ टक्क्यांचं अंतर. काळ्या पोरांचं अंतर त्याहून मोठं. अप्पर सेकंड नसेल तर तिथं अनेक नोकऱ्यांचा अर्जच पुढं सरकत नाही. म्हणजे अंतर नुसतं मार्कांचं नाही, भाकरीचं आहे.

कुणी म्हणेल, पोरं कच्ची असतील. हे आपण जन्मापासून ऐकतोय. पण ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीला, सारखेच ग्रेड घेऊन आलेल्यांतही अंतर उरतंच. मग कच्चं कोण? पोरं का विद्यापीठ?

आधी याला ‘अटेनमेंट गॅप’ म्हणायचे. म्हणजे पोरगं कमी पडलं. आता ‘अवॉर्डिंग गॅप’ म्हणतात. म्हणजे देणाऱ्यानं दिलं नाही. शब्द बदलला, आरोपी बदलला. हा बदल फुकट झाला नाही. २०१४ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या पोरांनी विचारलं, आमचा अभ्यासक्रम गोरा का? २०१५ साली केपटाऊनच्या पोरांनी विद्यापीठातला ऱ्होड्सचा पुतळा काढायला लावला.

आमच्या विभागानंही मग वाचनयादीत चार काळी नावं घातली. चारही ‘अधिक वाचनासाठी’ या सदरात. परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न एकही नाही. मला गावचा वाडा आठवला. अंगणातनंच बोल म्हणायचं, ओसरीवर घ्यायचं नाही.

याच लंडनात १९२३ साली बाबासाहेबांनी डी.एस्सी. मिळवली, ती इंग्रज सरकारच्या चलननीतीची चिरफाड करून. त्यांचं पुस्तक यादीत घातलं म्हणून भागत नाही. प्रश्न कोण काढतो? पेपर कोण तपासतो? हे विचारायला पायजे.

एक गोष्ट मात्र तिथली घेण्यासारखी. कुणाला कुठला क्लास मिळाला हे ते वंशवार मोजतात आणि छापतात. आपल्याकडं प्रवेशाच्या जागा प्रवर्गवार मोजतात. निकालाचं काय? तोंडी परीक्षेच्या मार्कांचं काय?

आपापल्या विद्यापीठाकडं हे आकडे प्रवर्गवार मागा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. उत्तर नाही आलं तर अपील करा. आलं तर भिंतीवर लावा, सगळ्यांना वाचू द्या.