चातुर्मासानंतरचे ओठ

भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी उतरू लागलं, पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली, की मावळातल्या लग्नाच्या बँडची ट्रंपेटं पेटीत जातात. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत मुहूर्त नाहीत. गणपतीतलं काम सोडलं, तर ओठांना मोठी सुट्टी. लोणावळ्याचा पाऊस पितळालाही सोडत नाही. पिस्टन चिकटतात, नळीच्या सांध्यांवर हिरवा थर चढतो, पेटीतल्या मखमलीला कुबट वास येतो. कोमट पाणी, साबण, लांब ब्रश आणि पिस्टनचं तेल एवढ्यावर वाद्य एका दुपारीत ताळ्यावर येतं. ओठ येत नाहीत. आणि तुळशीचं लग्न लागलं की पहिली सुपारी दारात उभी असते.

शाळेच्या किंवा पलटणीच्या बँडमध्ये वाजवून नोकरी-संसारात वाद्य बाजूला ठेवलेल्यांची गतही अशीच. खंड चार महिन्यांचा असो की पंधरा वर्षांचा, परतणारा वादक पाठांचं पुस्तक उघडतो ते जिथे सोडलं होतं त्याच पानावर.

बोटं जुनी वळणं विसरत नाहीत, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळं शाबूत वाटतं. ओठांभोवतीचा स्नायू मात्र ढिला पडलेला असतो. वरचा सूर निघेना झाला की वादक माऊथपीस दातांवर दाबतो. सूर निघतो, पण त्या दाबाखाली ओठाचं रक्त अडतं, ओठ सुजतो आणि दुसऱ्या दिवशी मधल्या पट्टीतला साधा सूरही फुटत नाही. म्हणून पाठ निवडताना तो कितव्या इयत्तेचा आहे हे पाहू नये, तो ओठांकडे काय मागतो ते पाहावं. अवघड पाठ सगळे एकाच जातीचे नसतात. काही बोटांना जड असतात, काही दमाला, काही थेट ओठांना. पहिल्या महिन्यात पहिले दोन चालतात. तिसऱ्या जातीचे माझ्या मते मुळीच नकोत.

या कसोटीवर हर्बर्ट क्लार्क पहिला उतरतो. अमेरिकेतल्या जॉन फिलिप सूझाच्या बँडचा हा कॉर्नेटवादक. त्याचं ‘टेक्निकल स्टडीज’ 1912 सालचं. पहिला पाठ ट्रंपेटच्या तळातल्या सुरापासून अर्ध्या-अर्ध्या सुरांनी चढतो आणि तसाच उतरतो. तो एका श्वासात पुन्हा पुन्हा, अगदी बारीक आवाजात वाजवायचा. मग तोच तुकडा अर्धा सूर वर. बोटांची आणि दमाची पुरती परीक्षा होते, ओठांवर मात्र भार येत नाही. बारीक आवाजाची अट सगळ्यात महत्त्वाची. जोरात फुंकलं की ओठांची कमजोरी झाकली जाते. हलकं फुंकताना ओठ दमले, तर सुराआधी नुसती हवा फसफसते. ती ऐकू आली की थांबावं, आणि जितका वेळ वाजवलं तितकाच वेळ ट्रंपेट मांडीवर ठेवावं.

आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमधले बहुतेक वादक कानावर वाजवतात. गोव्यात चर्चच्या शाळांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना नोटेशन वाचायला शिकवलं. हळदोण्याहून मुंबईत आलेला आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (1951) वाजवणारा चिक चॉकलेट, त्याच परंपरेतला. मावळातल्या वादकाला ती सोय मिळाली नाही, तरी क्लार्कचा पहिला पाठ त्याच्यापासून दूर नाही. एकच आकृती सरकत जाते, त्यामुळे ती एकदा तोंडाने म्हणून दाखवली की कागद लागत नाही. हे मी शिकवताना आवर्जून करतो.

फ्रेंच कॉर्नेटवादक आर्बांच्या 1864 सालच्या शिक्षणग्रंथाचं काय? ट्रंपेटवाल्यांच्या घरात तो पोथीसारखा असतो. त्यातले जिभेच्या ठोक्याचे आणि सप्तकांचे छोटे पाठ जरूर घ्यावेत. शेवटाकडचे चौदा ‘कॅरॅक्टरिस्टिक’ पाठ मात्र पानभर विसाव्याशिवाय धावतात, आणि परतणारा नेमका तिथेच जातो, कारण एकेकाळी ते येत होते म्हणून. जुन्या स्वतःशी लावलेली ही शर्यत ओठांना महाग पडते. जॅझ ट्रंपेटवादक चेट बेकरने ही शर्यत लावली नाही. 1966 मध्ये झालेल्या मारहाणीनंतर त्याचे दात गेले. कवळी बसवून ओठांची ठेवण नव्याने घडवायला त्याला काही वर्षं लागली. सत्तरच्या दशकात तो परतला आणि पुढे कित्येक वर्षं मधल्या पट्टीतच, मऊ आवाजात, अप्रतिम वाजवत राहिला.

क्लार्क स्थिरावला की बेल्जियमच्या थेओ शार्लिएचे 36 पाठ (1926) उघडावेत, पण पहिल्यापासून नव्हे. दुसरा घ्यावा. तो गाता आहे, लांब वळणांचा. एक ओळ वाजवावी, ट्रंपेट खाली घेऊन दुसरी गळ्याने म्हणावी, तिसरी पुन्हा वाजवावी. ओठांना विसावा मिळतो, वाक्य तुटत नाही.

बँडमास्तरांनी मार्गशीर्षातल्या वरातींत परतलेल्या वादकाला खालचा आवाज द्यावा आणि वरचे सूर रोज वाजवणाऱ्याकडे ठेवावेत. पौषात मुहूर्त पुन्हा थांबतात. तोवर ओठांनी जोर धरलेला असतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वरातीची चिंता नसते. आर्बांचे ते चौदा पाठ तेव्हा काढावेत, दिवसाला अर्धं पान.