ॲस्टेरिक्सविरुद्ध मी लिहिलेलं पत्र

कॅनडाच्या नौदलानं वापरायला घेतलेल्या ‘एम. व्ही. ॲस्टेरिक्स’ या जहाजाचा भाडेकरार वाढवू नका, असं मी एकदा आमच्या खासदारांना लेखी कळवलं होतं. एका खासगी कंपनीचं जुनं कंटेनरवाहू जहाज, त्यावर करदात्यांचा एवढा पैसा. शिवाय नौदलासाठी दोन नवी पुरवठा जहाजं नॉर्थ व्हँकुव्हरला बांधली जातच आहेत, मग हे कशाला? हॅलिफॅक्समध्ये राहून, येताजाता बंदरातल्या युद्धनौका बघूनही मी असं लिहिलं, याची आज खंत वाटते.

ते जहाज करतं काय, हेच मला धड माहीत नव्हतं. नौदलातून निवृत्त झालेल्या आमच्या शेजाऱ्यांनी ते समजावून सांगितलं. भर समुद्रात दोन जहाजं एकाच वेगानं शेजारी शेजारी चालत राहतात आणि त्यांच्यामध्ये ताणलेल्या नळीतून एकाचं इंधन दुसऱ्यात जातं. ही सोय नसेल, तर फ्रिगेटसारख्या युद्धनौकेला तेलासाठी मोहीम सोडून बंदर गाठावं लागतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये हवाईजवळ ‘प्रोटेक्टर’ या पुरवठा जहाजाला आग लागली आणि ते कायमचं निकामी झालं. दुसरं, ‘प्रिझर्व्हर’, गंजून गेलेलं. मग तीन महासागरांचा किनारा असलेल्या या देशाला चिली आणि स्पेनच्या जहाजांची मदत घ्यावी लागली. ती पोकळी भरायला क्वेबेकमधल्या लेव्ही इथल्या गोदीत ॲस्टेरिक्सचं रूपांतर झालं आणि जानेवारी २०१८ मध्ये ते कामाला लागलं.

कागदावरच्या तारखांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, ही त्याहून मोठी चूक. नव्या जहाजांची घोषणा २००४ मधली. २००८ मध्ये निविदा रद्द झाल्या, कारण बोली अंदाजपत्रकात बसेनात. त्यातलं पहिलं जहाज पाण्यात उतरलं ते डिसेंबर २०२४ मध्ये. आणि पाण्यात उतरणं म्हणजे सेवेत येणं नव्हे. आधीचं पत्र लिहिण्यापूर्वी मी यातलं काहीही शोधलं नव्हतं.

चूक कळल्यावर घाईनं दुसरं पत्र लिहिलं, ते प्रांतिक विधानसभेच्या सदस्यांना. रत्नागिरीत कुठलंही काम आधी आमदारांकडे नेलेलं पाहिलं होतं, तीच सवय. इथे संरक्षण पूर्णपणे केंद्राकडे. त्या पत्राचा काडीचा उपयोग नव्हता. मजकुरातही खोट होती. ॲस्टेरिक्स ही युद्धनौका नाही, तिच्यावर बिगरलष्करी खलाशी असतात, प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात तिला पाठवता येत नाही, हे मी मुद्दाम गाळलं होतं. प्रत वाचून शेजारी म्हणाले, “उणीव तुम्ही लपवलीत, तर समोरचा तेवढीच धरून बसेल.” त्यांचं बरोबर होतं. खासदारांना पाठवलेल्या नव्या पत्रात मी ती उणीव सर्वांत आधी लिहिली, आणि माझं जुनं मत मागे घेत असल्याचंही.

जहाज एक, आणि ते लागतं निदान दोन महासागरांत. ॲस्टेरिक्स पॅसिफिकमध्ये असलं की अटलांटिकच्या बाजूला कॅनडाचं स्वतःचं पुरवठा जहाज उरत नाही. आहे तेही सोडून देणं हा शहाणपणा नाही.

कॅनडातल्या मराठी वाचकांना म्हणूनच विनंती आहे: दोन्ही नवी जहाजं प्रत्यक्ष समुद्रात काम करू लागेपर्यंत ॲस्टेरिक्सचा निधी चालू ठेवा, असं आपापल्या खासदारांना लिहा. ओटावातल्या संसदेच्या पत्त्यावर पाठवलेल्या पत्राला तिकीट लागत नाही.