क्रमाने पाहण्याचा अट्टाहास

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका पाहायची तर पहिल्या भागापासून, एकही न गाळता, असं मी निवृत्तीनंतर ठरवलं. उभी हयात लेखापरीक्षणात गेलेली. मधलंच पान उघडून वाचणाऱ्या माणसाबद्दल मला कायम संशय. म्हणून वही केली, रकाने आखले आणि २३ नोव्हेंबर १९६३ च्या भागापासून सुरुवात केली.

तो पहिला भाग आवडला. लंडनमधली शाळा, भंगाराच्या आवारात उभी असलेली पोलिसांची टेलिफोनपेटी, आणि आत शिरलं की बाहेरून दिसते त्याच्या कितीतरी पट मोठी जागा. दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्माने लखनौचे, वय तेव्हा अवघं २४. हे वाचून मला उगाचच अभिमान वाटला. पुढचे तीन भाग गुहेतली माणसं विस्तवावरून भांडत होती. मी जांभया देत टिक करत गेलो.

अडलो तो चौथ्या कथेपाशी. ‘मार्को पोलो’चे सातही भाग गायब. त्या काळी चित्रफिती महाग, पुन्हा दाखवण्याची शक्यता कमी. त्यामुळे जुन्या फिती पुसल्या गेल्या आणि साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग हरवले. आवाज मात्र सगळ्या भागांचा शिल्लक आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून ठेवले होते. दुसऱ्या कुणाला यात लोकांची माया दिसली असती. मला दिसली गहाळ व्हाउचरं. वहीत लाल शेरा मारला. तो आवाज ऐकण्याची तसदी घेतली नाही.

तरी रेटत राहिलो, एका बैठकीत पाच-सहा भाग. शनिवारी संध्याकाळी पंचवीस मिनिटं दाखवायची, कुणालातरी किंचाळत ठेवून संपवायची आणि मुलांना आठवडाभर तंगवायचं, अशा बेताने लिहिलेली ही मालिका. मी ती किंकाळी तिथल्या तिथे निकालात काढून पुढे जायचो, आणि वर म्हणायचो, एकाच बोळातून किती पळतात हे लोक!

१९६६ मध्ये नायक डॉक्टरचं काम करणाऱ्या विल्यम हार्टनेलची प्रकृती ढासळली, तेव्हा डॉक्टरचा चेहराच बदलून टाकायची युक्ती निघाली. मालिका आजवर जगली ती त्या युक्तीवर. मी मात्र प्रत्येक नव्या डॉक्टरला आधीच्याच्या मापाने नापास करायचो. त्याची सवय होईतो तो निघालेला असे. २००५ साली मालिका नव्याने सुरू झाली तेव्हाचा ख्रिस्तोफर एकल्स्टन तर तेरा भागांतच गेला. त्यातले निम्मे मी नाक मुरडण्यात घालवले.

विसंगती शोधण्यात तर माझा हात कुणी धरला नसता. अटलांटिसच्या नाशाचे या मालिकेत तीन वेगवेगळे खुलासे आहेत. ते सापडले त्या दिवशी मी घरभर सांगत फिरलो. कुणी वर पाहिलं नाही.

‘डीमन्स ऑफ द पंजाब’ हा २०१८ चा भाग लावला तेव्हा पिंपरीतल्या आमच्या शेजारच्या आजी घरी आल्या होत्या. सिंधी, फाळणीत लहानपणी इकडे आलेल्या. इंग्रजी जेमतेम, पण ऑगस्ट १९४७, मुसलमान मुलगी, हिंदू मुलगा, मधून जाणारी नवी सीमा. त्यांना समजायला काही उरलंच नव्हतं. मला कुठूनतरी कळलं होतं, की हे चित्रीकरण स्पेनमधलं. मग मी सुरू झालो. हे डोंगर पंजाबातले नव्हेत, ही माती बघा, ही झाडं बघा. कथेत काही परग्रहवासी येतात, आणि डॉक्टरची समजूत असते, की ते मारेकरी आहेत. प्रत्यक्षात ते एकाकी मरणाऱ्यांजवळ थांबायला आलेले असतात, निदान कुणीतरी साक्षीला असावं म्हणून. हे उलगडत होतं तेव्हा मी झाडांवर बोलत होतो.

“भाऊ, जरा गप्प बसाल?” आजी म्हणाल्या. डोळे पुसत शेवटपर्यंत बसल्या आणि चहा न घेता गेल्या. पुढे अनेकदा बोलावलं. गुडघ्यांचं कारण सांगायच्या. त्या दोन घरं सोडून राहतात आणि रोज भाजीला चालत जातात.

तो भाग मी नंतर एकट्याने पाहिला, वही न घेता. फार चांगला आहे. त्या दिवशी शेजारी बसून पाहता आला असता, तर त्यांनी कदाचित काही सांगितलंही असतं. विचारायचं धाडस आता होत नाही.

हल्ली संध्याकाळी एकच भाग, मनाला येईल तिथला. कुणी विचारलंच तर १९७९ ची ‘सिटी ऑफ डेथ’ सुचवतो: चारच भाग, पॅरिस, मोनालिसाची चोरी आणि लेखनात डग्लस ॲडम्सचा हात. ‘मार्को पोलो’चा आवाजही अखेर ऐकला, चित्र नाही याची अडचण वाटली नाही. अटलांटिसच्या त्या तीन खुलाशांपैकी एक देणारी १९६७ ची कथा, ‘द अंडरवॉटर मेनेस’, मात्र खरोखरच वाईट आहे, आणि तिच्या चार भागांपैकी दोन नेमके शाबूत आहेत.