उलट्या आट्यांचे कडे

दिवाळीच्या फराळात कडबोळे मला नकोसे वाटते, आणि त्यात दोष कडबोळ्याचा नाही. माझा एक जुना मित्र दर पाडव्याला सकाळी आमच्याकडे येतो. चिवडा खातो, लाडू खातो, आणि कडबोळे मात्र चहात बुडवून मऊ होईपर्यंत धरून बसतो. त्याचे पुढचे दोन दात खोटे आहेत. खरे दात १९८३ साली सोलापुरात सात रस्त्याच्या डांबरावर पडले. कसे पडले ते साऱ्या गल्लीला ठाऊक होते. का पडले ते मला एकट्यालाच ठाऊक आहे, असे मी समजत होतो.

गेल्या वर्षी हा विषय निघाला तो पुतण्यामुळे. दसऱ्याला तो पुण्याहून आला तो एक खूळ घेऊनच. बालेवाडीच्या वेलोड्रोमवर, म्हणजे शर्यतीच्या त्या उतरत्या कडांच्या गोल धावपट्टीवर, त्याने बिनब्रेकच्या आणि बिनफ्रीव्हीलच्या सायकली पाहिल्या होत्या. आजोबांची काळी सायकल माळ्यावर पडली आहे, तिचीच तशी सायकल करून द्या, असा त्याचा हट्ट. गिरणी बंद पडल्यावर फंडाच्या पैशांतून मी सात रस्त्याजवळ लहानसे वर्कशॉप टाकले. एक लेथ, एक ड्रिल आणि कानशींचा डबा. तेव्हा सबब सांगायला जागा नव्हती.

आपल्या नेहमीच्या सायकलीचे पायडल थांबवले तरी चाक फिरत राहते. मागून टिकटिक ऐकू येते ती फ्रीव्हीलमधल्या खटक्यांची. फिक्स्ड गिअरला ते खटके नसतात. चाक फिरते तोवर पायडल फिरते, उतारावरसुद्धा पायांना सुटी नाही. फ्रीव्हील येण्यापूर्वी साऱ्याच सायकली अशा होत्या. उतार लागला की स्वार पाय उचलून पुढच्या चिमट्यावरच्या खुंट्यांवर ठेवीत.

पुढे ४४ दात्यांचे चक्र होतेच. मागे किती दात्यांचे घालायचे? वेग मिळतो म्हणून पुतण्याला १६ हवे होते, मी १७ वर अडून बसलो. पाय रोखून चाक थांबवले की टायर रस्त्यावर घासतो. दर वेळी तोच पाय पुढे ठेवणाऱ्याचा टायर ४४ आणि १६ च्या जोडीत फक्त चारच ठिकाणी झिजतो, कारण ४४ भागिले १६ म्हणजेच ११ भागिले ४. १७ ही मूळ संख्या, ४४ ला तिने भाग जात नाही. झीज सतरा ठिकाणी वाटली जाते. वर पायडलाच्या एका फेऱ्यात २८ इंची चाक पावणेसहा मीटर जाते, हेही काही थोडके नाही. इंजिनिअरिंगच्या मुलाला हा हिशेब पटला.

ईएन-८ पोलादाची चकती घेतली. अर्ध्या इंचाच्या चेनला सतरा दाते, म्हणजे सुमारे ६९ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ. त्या वर्तुळावर आठ मिलिमीटरची सतरा भोके पाडली, बाहेरचा भाग कापला आणि दाते कानशीने घासले. हबही मीच कातले, कारण जुन्या रिमला आरे ४० आणि बाजारच्या हबला भोके ३२. हबवर आटे पाडले ते १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४. राहिले एक कडे. त्याला लॉकरिंग म्हणतात.

खरी गोष्ट या कड्याचीच आहे. पायडल पुढे मारले की दातेचक्र आट्यांवर घट्ट होत जाते. मागे दाबले की तेच सुटू पाहते. म्हणून हबवर आणखी एक लहान पायरी काढून तिच्यावर उलटे आटे पाडतात आणि कडे बसवतात. दातेचक्र सुटायला लागले की कडे त्याच दिशेने ओढले जाते, आणि आटे उलटे असल्यामुळे ते अधिकच आवळते. लेथवर हे आटे पाडायचे तर मध्ये एक गिअर जास्त घालून लीड स्क्रू उलटा फिरवावा लागतो. काम नजरेत न भरणारे, वेळ मात्र खाणारे.

पुतण्याला धीर नव्हता. म्हणाला, "काका, कडं नंतर करू. आज नुसती एक चक्कर मारून येतो." मी त्याच्यावर असा ओरडलो की समोरचा चहावाला रस्ता ओलांडून आला. मग शटर अर्धे खाली ओढून पोराला सगळे सांगितले.

१९८३ साली मी गिरणीत शिकाऊ टर्नर होतो आणि मित्र फिटर. सर्कशीत उलटी सायकल चालवणारा पाहून त्याला तशीच सायकल हवी झाली. मेस्त्रींनी बजावले होते, "नवं हब कात, उलटे आटे पाड." दोन संध्याकाळचे काम. मी फ्रीव्हील वेल्डिंगने जाम केले आणि आट्यांवर रंगात भिजवलेले सूत गुंडाळून घट्ट बसवले. गिरणीत सुताला काय तोटा! मेस्त्रींनी विचारले तेव्हा 'झालं' म्हणालो. चौथ्या दिवशी सात रस्त्यावर बैलगाडी आडवी आली. त्याने पाय मागे दाबले आणि सगळे सुटले. पायडल मोकळे फिरले, चाक थांबलेच नाही. ब्रेक त्याने हौसेने काढून टाकले होते. लोकांनी गाडीवानाला शिव्या दिल्या. मी गप्प राहिलो.

पुतण्याने एवढेच विचारले, "त्या काकांना सांगितलंत?"

कडे दुसऱ्या दिवशी झाले. पुढचा ब्रेकही मी बसवलाच. ब्रिटनमध्ये अशा सायकलीला रस्त्यावर पुढचा ब्रेक कायद्यानेच लागतो. वेलोड्रोमवर सगळे एकाच दिशेने जातात. सात रस्त्यावर सात दिशांनी येतात.

पाडव्याला मित्र आला. चहा समोर ठेवला आणि जास्तीचे कातलेले एक कडे त्याच्या हातात दिले. त्याने आट्यांवरून नख फिरवले. "उलटे आहेत," म्हणाला. मी सांगायला सुरुवात केली तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू येईना.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाला, "मी फिटर आहे बे. टाके घालून आल्यावर चाक बघितलं होतं. आट्यात सूत अडकलेलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

"इतकी वर्षं?"

"फराळ चांगला असतो तुमच्यात."

मग उठून त्याने पुतण्याची सायकल मागितली. मागचे चाक उचलून धरले, जोराने फिरवले आणि पायडल तळहाताने मागे रेटले. चाक थांबले. पुन्हा रेटले. कडे जागचे हलले नाही. "हे बरं केलंस," एवढेच म्हणाला.

खोटे दात खोटेच राहिले. त्याने कडबोळे घेतले आणि चहात बुडवले. मीही एक घेतले आणि त्याच्यासमोर बसून खाल्ले.