मॉस्कोनी मोठा की रेयेस?

काही वाद घराण्यात चालत आलेले असतात. पुरणपोळी तुपाबरोबर की दुधाबरोबर, लता की आशा, वगैरे. आमच्याकडे एक जास्तीचा आहे, जो बाकी मराठी घरांत बहुधा होत नसावा. विली मॉस्कोनी मोठा की एफ्रेन रेयेस? दोघंही पूल खेळणारे. वादाचं सगळं श्रेय (आई म्हणते खापर) माझ्या मामाला.

मामा १९७१ साली फिलाडेल्फियाला आला आणि तिथलाच झाला. थंडीत करायला काही नसायचं, म्हणून ऑफिसातल्या लोकांबरोबर पूल हॉलमध्ये जायला लागला. मॉस्कोनी त्याच शहरातला. १९७८ च्या फेब्रुवारीत टीव्हीवर मॉस्कोनी विरुद्ध मिनेसोटा फॅट्स असा सामना झाला, तो मामाने पाहिला. फॅट्स अखंड बडबड करणारा, मॉस्कोनी तेव्हा ६४ वर्षांचा, सुटाबुटातला, घुम्या. त्याने गप्प राहून फॅट्सला हरवलं. त्या दिवसापासून मामाच्या लेखी विषय संपला.

मी न्यू जर्सीत आलो १९९९ साली. त्याच वर्षी फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस कार्डिफला नाइन-बॉलचा जगज्जेता झाला. माझ्या बाजूने विषय तिथे सुरू झाला :-)

ज्यांनी पूल पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅरमच समजा, फक्त स्ट्रायकर बोटाने न मारता पांढरा बॉल लांब काठीने, म्हणजे क्यूने, मारायचा आणि इतर बॉल सहा पॉकेटांत घालायचे. मॉस्कोनीचा खेळ स्ट्रेट पूल. त्यात कुठला बॉल कुठल्या पॉकेटात हे आधी सांगायचं, प्रत्येक बॉलला एक गुण. पंधरांपैकी चौदा संपले की ते पुन्हा रचायचे आणि उरलेला एक घालता घालता नवा ढीग फोडून पुढे चालू. चुकेपर्यंत तुम्हीच खेळायचं. समोरचा खुर्चीत बसून राहतो.

१९५४ च्या मार्चमध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावी, एका प्रदर्शनीय खेळात, मॉस्कोनीने न चुकता ५२६ बॉल घातले. म्हणजे चौदाचे ३७ डाव पूर्ण आणि वर आठ. कॅमेरा नव्हता. हजर असलेल्या तीसहून जास्त लोकांनी सह्या करून प्रतिज्ञापत्र दिलं, तोच पुरावा.

रेयेसचा खेळ नाइन-बॉल. नऊच बॉल, पण दर वेळी टेबलावरच्या सगळ्यात लहान आकड्याच्या बॉललाच आधी धक्का लागला पाहिजे. तो दुसऱ्या बॉलच्या आड लपला तर पंचाईत. १९९५ साली रिनोला अर्ल स्ट्रिकलंडविरुद्धच्या फायनलमध्ये रेयेसची अशीच पंचाईत झाली. सरळ वाट नाही. त्याने पांढरा बॉल दोन कुशनींवर आपटून, इंग्रजी झेडसारखा फिरवून, लपलेल्या बॉलला नुसता लावला नाही तर तो बॉल पॉकेटात घातला. मी ती क्लिप किती वेळा पाहिली असेल ते बायकोला विचारा.

आता यांची तुलना कशी करायची? खेळ वेगळे, सामानही वेगळं. मॉस्कोनीच्याही आधीचा सम्राट राल्फ ग्रीनलीफ. त्याच्या काळात स्पर्धांची टेबलं दहा फुटी असायची, आता नऊ फुटी असतात. टेबलावरचं कापड तेव्हा जाड आणि लव असलेलं, त्यावर बॉल ढकलायला जोर लागायचा. आताचं पातळ नि गुळगुळीत, त्यावर बॉल आवरायला जोर लागतो! बोरिक पावडर टाकलेला आणि न टाकलेला कॅरम बोर्ड आठवा.

मामा म्हणतो, "अरे, त्या कापडावर तुझा रेयेस खेळला असता का?" मी म्हणतो, "आणि त्या दोन कुशनी तुझ्या मॉस्कोनीला दिसल्या असत्या का?" मामी चहा ठेवते.

२०१९ च्या मे महिन्यात जॉन श्मिटने ६२६ बॉल घातले. ६५ वर्षांचा विक्रम गेला. मामाला फोन करायचं माझ्या जिवावर आलं होतं. केला. दोन क्षण गप्प, मग प्रश्न. "किती दिवस बसला होता?" प्रश्न बरोबर होता. श्मिट त्या विक्रमासाठीच कित्येक दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करत होता. मॉस्कोनी गावोगाव खेळ करत फिरायचा, त्या गावी ते घडून गेलं. पण मीही सोडलं नाही. मॉस्कोनीचं त्या दिवशीचं टेबल आठ फुटी होतं, श्मिटचं नऊ फुटी. मामा म्हणाला, "बरं, फोन ठेव, औषधाची वेळ झाली." २०२२ च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या जेसन शॉने ७१४ केले, चौदाचे बरोब्बर ५१ डाव, तेव्हा मामानेच फोन केला. "तो माझा नव्हता, आता तुझा पण नाही."

आकड्यांनी भागत नाही म्हटल्यावर आम्ही दुसरी पट्टी काढली. आपल्या काळातल्या लोकांपेक्षा कोण किती पुढे होता? क्रिकेटवाले ब्रॅडमनची ९९.९४ काढतात, तसं. इथे मामा जिंकतो. १९४१ ते १९५७ मध्ये मॉस्कोनी पंधरा वेळा जगज्जेता. आणि मागचा दुवाही भक्कम. १९३३ च्या दौऱ्यात वीस वर्षांचा मॉस्कोनी ग्रीनलीफविरुद्ध शंभरावर सामने खेळला. ग्रीनलीफ ५७, मॉस्कोनी ५०. विशीतला पोरगा सम्राटाच्या इतका जवळ!

पण या पट्टीलाच एक भोक आहे, आणि ते मला सिसेरो मर्फीमुळे दिसलं.

मर्फी ब्रुकलिनचा, काळा. मोठ्या स्पर्धांत त्या काळी काळ्या खेळाडूंना घेत नसत. त्याचा खेळ सगळ्यांना माहीत होता, आमंत्रण मात्र यायचं नाही. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या बर्बँकला त्याला एकदाचं जागतिक स्पर्धेत घेतलं, आणि पहिल्याच खेपेला तो जिंकला. तोवर मॉस्कोनीचा काळ संपला होता. म्हणजे त्या पंधरा विजेतेपदांच्या वेळी समोर कोण होतं हे आपल्याला माहीत आहे. कोणाला दारातच थांबवलं होतं, हे कुठल्याच यादीत नाही.

हे मी मामाला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, आता तो मॉस्कोनीची बाजू घेऊन चिडणार. तो म्हणाला, "१९६५ म्हणजे आमचंच वर्ष की रे."

मला कळेना. मग त्याने सांगितलं. त्याआधी भारतातून इथे कायमचं राहायला वर्षाला शंभर माणसांना परवानगी होती. अख्ख्या देशातून शंभर! १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये कायदा बदलला, म्हणून १९७१ मध्ये मामासारखा साधा इंजिनियर येऊ शकला. "माझ्याआधी माझ्यापेक्षा हुशार किती जण तिकडेच राहिले असतील," तो म्हणाला, "त्यांच्याशी कोण तुलना करणार माझी?" इतकी वर्षं वाद घालतोय, पण मामाचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

आपल्याकडेही फार वेगळं नाही. बिलियर्ड्सचा (हा पूलचा मोठा चुलत भाऊ, टेबल बारा फुटी) विल्सन जोन्स पुण्यात जन्मला, १९५८ मध्ये कलकत्त्याला जगज्जेता झाला. आपल्याला अभिमान आहेच. पण ही टेबलं आपल्याकडे मुख्यतः जिमखान्यांत आणि क्लबांत, मेंबर लोकांसाठी. वाड्यातल्या, चाळीतल्या मुलाच्या हाताशी कॅरम. त्यातला कोण क्यू धरून काय करू शकला असता, कोणास ठाऊक.

मॉस्कोनी लहान असताना वडील त्याला खेळू देत नसत. पूल हॉल वडिलांचाच, तरी बॉल कुलपात. पोरगा झाडूच्या दांड्याने बटाटे मारून शिकला. रेयेस मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये वाढला, टेबलावरच झोपायचा. हात पुरत नाही म्हणून कोकच्या खोक्यांवर उभा राहून खेळायचा. दोघांत मोठा कोण हे ठरवणं कठीण, पण दोघंही टेबलाच्या जवळ होते एवढं खरं. बटाटा आणि खोकं चालतं, हॉलचं दार उघडं असलं की.

रेयेसच्या बाजूने माझा मुद्दा आता इतकाच आहे. १९९४ साली अमेरिकेची नाइन-बॉलची यूएस ओपन जिंकणारा तो पहिला परदेशी. तोवर दार बरंच उघडलं होतं, गर्दी वाढली होती, आणि त्या गर्दीतून तो वर आला. मामाचा मुद्दा असा, की समोर कोण यावं हे मॉस्कोनीने ठरवलं नव्हतं. जो आला त्याला हरवलं. दोन्ही मुद्दे खरे आहेत, म्हणून वाद संपत नाही.

परवा लेक हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "आणि मुली?" मग तिला जीन बलुकासबद्दल सांगितलं. ब्रुकलिनचीच. १९७२ साली तेराव्या वर्षी यूएस ओपन जिंकली आणि पुढे १९७८ पर्यंत दर वर्षी, ओळीने सात वेळा. "मग ती तुमच्या वादात का नाही?" याचं उत्तर मामाकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

असो. मॉस्कोनी वर की रेयेस, यावर मामाचं नि माझं एकमत होणार नाही, व्हायलाही नको, नाहीतर फोनवर बोलायचं काय? फ्रिजवर आमची एक यादी लावलेली आहे, पहिल्या दोन नावांवर खाडाखोड करून करून कागद फाटायला आलाय. तिसरा नंबर मर्फी आणि चौथा बलुकास, हे मात्र मामाने पेनने लिहिलंय.